ओळी उडवणारा देवानंद

देवानंद माझ्या दुकानात कामाला लागला तेव्हा त्याला धड टायपिंग येत नव्हतं. डीटीपीच्या दुकानात टायपिंग न येणारा माणूस ठेवणं हा शुद्ध वेडेपणा आहे, असं माझ्या नवऱ्यापासून शेजारच्या झेरॉक्सवाल्यापर्यंत सगळ्यांनी मला सांगून झालं. तरी मी ठेवला. कारण पहिल्याच दिवशी त्याने माझं तीन तासांचं काम चार मिनिटांत संपवलं आणि दारात जाऊन निवांत तंबाखू मळत उभा राहिला.

ते काम होतं ओळी उडवण्याचं. हल्ली अमरावतीत मजकूर कोणी कागदावर लिहून आणत नाही. स्मरणिका असो, गणपती मंडळाचा अहवाल असो की कोणाच्या एकसष्टीचा गौरवग्रंथ, सगळं आधी व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर गोळा होतं आणि मग तो अख्खा ग्रुपच टेक्स्ट फाइल होऊन माझ्या मेलवर येऊन आदळतो. त्यात कामाच्या ओळी हजार, बिनकामाच्या दहा हजार. सुप्रभात. शुभ रात्री. अमुक यांनी ग्रुप सोडला. तमुक यांना पुन्हा घेतलं. हा मेसेज डिलीट केला आहे. मग काकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा, पुढे दोनशे जणांच्या त्याच शुभेच्छा, आणि शेवटी काकांचे प्रत्येकाला वेगळे आभार. मी चष्मा सावरत एकेक ओळ खोडत बसायची आणि समाजाबद्दल माझं मत बिघडत जायचं.

देवानंदने काय केलं, तर नोटपॅडचा थोरला भाऊ शोभेल असं एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. शोधायच्या चौकटीत लिहिलं ‘सुप्रभात’. एक बटण दाबलं. ज्या ज्या ओळीत तो शब्द होता तिच्या डाव्या कडेला निळा ठिपका उमटला. मग मेन्यूत जाऊन आज्ञा दिली, ठिपकेवाल्या ओळी काढून टाक. अकराशे सुप्रभात एका दमात गारद. मी तोंड उघडं ठेवून पाहत होते.

“हे निंदनच आहे, ताई,” तो म्हणाला. “फक्त कंबर दुखत नाही.”

निंदन, म्हणजे शेतातलं तण काढणं, त्याला ठाऊक होतंच. वलगावच्या पुढे त्याची तीन एकर जमीन. त्यात मेथी, पालक आणि सांभार, म्हणजे पुण्यामुंबईची कोथिंबीर. पहाटे जुड्या बांधायच्या, भाजीबाजारात टाकायच्या आणि मोटरसायकल घेऊन दहाला दुकानात. पायाला तो चिखल तसाच. माझ्या पांढऱ्या फरशीवरून आमचं रोज वाजायचं. मग तो रद्दी समजून प्रूफांनी पाय पुसायचा, तेही नेमक्या मी जपून ठेवलेल्या. खुर्चीवर एक पाय पोटाशी घेऊन बसायचा. चार वाजता गिला वडा खाऊन यायचा आणि कीबोर्डला दह्याचे हात लावायचा. सोबतीला बोलणं म्हणाल तर दिवसाला वीस-पंचवीस शब्द, त्यातले पाच ‘हो न’. अशा माणसाचं छत्तिसाव्या वर्षी लग्न झालेलं नव्हतं यात मला नवल वाटत नसे. नवल याचं वाटे, की ते होऊ नये याची सोय तो स्वतःच्याच हाताने दरवर्षी करत होता.

त्याचं असं. त्याच्या समाजाचा उपवर-उपवधू परिचय मेळावा दर हिवाळ्यात अकोल्याला भरतो आणि मेळाव्याची परिचय पुस्तिका माझ्याकडे व्हायची. पाचशे-साडेपाचशे मुलामुलींची माहिती, प्रत्येकाचा नंबर, फोटो, शिक्षण, मामाचं गाव, अपेक्षा. ही पुस्तिका कोणीही टाकून देत नाही. पंचांगाशेजारी खुंटीला टांगून ठेवतात आणि नवी आली की जुनीशी ताडून पाहतात. तीन वर्षांत एखाद्या मुलीचं वय एकाच वर्षाने वाढलेलं सापडलं की त्या घरचा उन्हाळा मजेत जातो.

समितीचे अध्यक्ष खुशालराव. हा गृहस्थ अकरा संस्थांचा अध्यक्ष आहे आणि बाराव्या संस्थेच्या शोधात असतो. गाडीच्या डिकीत कायम चार शाली आणि दोन नारळ. रस्त्यात कोण भेटेल आणि कोणाचा सत्कार करावा लागेल याचा नेम नाही. माझा तीनदा झाला आहे, एकदा पेट्रोल पंपावर. दोन वर्षांपूर्वी ते आले तेव्हा त्यांनी एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर शब्दांची यादी लिहून आणली होती. घटस्फोट, चष्मा, कर्ज, तापट, शेती. म्हणाले, लोक अडाण्यासारखे फॉर्मात काहीबाही लिहितात, पुस्तिका देखणी दिसली पाहिजे, हे शब्द जिथे असतील त्या ओळी काढून टाका. घटस्फोटाचं मी समजू शकत होते, पण शेती का, असं विचारलं तर त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. शेतीवाल्या पोराला आता मुलगी कोण देतो, म्हणाले. सात पिढ्या मातीत हात घालणाऱ्या समाजाच्या पुस्तिकेत शेती हा शब्द नको. बरं.

देवानंदने यादीतला एकेक शब्द चौकटीत टाकला, ठिपके पाडले आणि ओळी उडवल्या. वाचलं कोणी नाही. त्याने नाही, मी नाही, आणि खुशालरावांनी तर नाहीच, कारण ते फक्त स्वतःचं मनोगत आणि त्याशेजारचा फोटो वाचतात. त्यामुळे ज्यांनी अभिमानाने ‘चष्मा नाही’ लिहिलं होतं त्यांचाही चष्मा गेला. आणि मुलींच्या अपेक्षांमध्ये ‘शेती करणारा नको’ अशी ओळ होती, ती दीडशे ठिकाणी होती, तीही साफ गेली. झालं. अख्ख्या वऱ्हाडातल्या शेतकरी पोरांनी पुस्तिका उघडली आणि त्यांना दिसलं की यंदा मुलींची कशालाच हरकत नाही. पुढचा महिनाभर बिचाऱ्यांनी जे फोन लावले आणि पलीकडून जे ऐकून घेतलं, त्याला मी आणि देवानंद जबाबदार. आम्ही दुकानात बसून पोट धरधरून हसलो होतो. ते मला आता आठवतं आणि बरं वाटत नाही.

देवानंदची स्वतःची माहितीही त्याच पुस्तिकेत असायची, सहा वर्षं सलग. व्यवसाय: संगणक क्षेत्र. तीन एकरांचा उल्लेख नाही, सांभाराचा नाही. मुलीकडचे घर पाहायला यायचे तेव्हा त्याची आई पार्बताबाई ओसरीवरच्या जुड्यांवर चादर घालायची. पण सांभाराचा वास चादरीने थांबत नाही. पाहुणे चहा पिऊन, संगणक क्षेत्राच्या पायाचा चिखल बघून, कळवतो म्हणून जायचे. कळवायचं कोणी नाही.

तर गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. नव्या पुस्तिकेचं काम नुकतंच आलं होतं. सकाळी साडेअकराला एक मुलगी दुकानात शिरली. मुलगी म्हणजे तिशीची. अकोटहून एसटीने आलेली, पिशवीत पाण्याची बाटली आणि जुनी पुस्तिका. नाव दीपमाला. वडिलांची अकोटजवळ झेंडू-शेवंतीची फुलशेती. तिने पुस्तिका काउंटरवर ठेवली, दोनशे चौदा नंबरचं पान उघडलं आणि शेजारी स्वतःचा फोन ठेवला. फोनवर तिने ग्रुपला पाठवलेला फॉर्म होता. त्यात नावाखालीच पहिली ओळ होती: पहिलं लग्न एकवीस साली झालं, आठ महिन्यांत घटस्फोट, कारण विचारल्यास सांगेन. छापील पानावर ती ओळ नव्हती. नावाखाली थेट शिक्षण.

पुढचं तिने शांतपणे सांगितलं. पुस्तिका वाचून अकोल्याचं एक घर तिला पाहायला आलं. चांगली माणसं. बसली, बोलली, आधीच्या लग्नाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. दीपमालाला वाटलं, छापलेलं वाचूनच आलेत, उकरून काढत नाहीत, किती मोठ्या मनाचे लोक. तिच्या वडिलांनाही तसंच वाटलं. साखरपुडा झाला. चौथ्या दिवशी त्यांना बाहेरून कळलं. मुलाची आई पुस्तिका हातात घेऊन अकोटला आली आणि भर अंगणात पान उघडून विचारायला लागली, दाखव कुठे लिहिलं आहेस. सगळी आळी गोळा झाली होती. लग्न मोडल्याचं दुःख एकवेळ उरकता येतं, दीपमाला म्हणाली, पण तेव्हापासून गावात ती लपवणारी म्हणून ओळखली जाते. वडील हार घेऊन देवळाशी बसतात, तिथेही लोक बोलून दाखवतात. तिला एवढंच हवं होतं, की यंदा ती ओळ जशीच्या तशी छापावी, आणि मागे पुनर्विवाहाच्या पानांत ढकलून नाही तर इथे, तिच्या नावाखाली. आणि जमल्यास कोणी उडवली ते सांगावं.

मी देवानंदकडे पाहिलं. तो कीबोर्डमधला कचरा काढत होता. मान वर न करता म्हणाला, “कम्प्युटरनं उडाली असन.”

दीपमाला त्याच्याकडे नीट वळून म्हणाली, “कम्प्युटरले काय पडली माह्या लग्नाची?”

त्यावर तो उठून दारात तंबाखू मळायला गेला. माझ्यापाशी तर तंबाखूचं निमित्तही नव्हतं. मी समितीचं नाव पुढे केलं, बघते म्हटलं, चहा विचारला. तिने चहा नको म्हटलं. फॉर्म पुन्हा पाठवला, पोचल्याची खात्री करून घेतली आणि परतीच्या बससाठी निघून गेली. ती गेल्यावर मी देवानंदला मनसोक्त शिव्या दिल्या. त्यातल्या निम्म्या माझ्या मला होत्या, पण घ्यायला तोच समोर होता.

दुसऱ्या दिवशी खुशालराव यादी घेऊन आले. या खेपेला शब्द नऊ झाले होते. मी दीपमालाचं प्रकरण सांगितलं तर ते म्हणाले, अशी प्रकरणं होतच असतात, समाजाचा विचार मोठा असतो, एकासाठी नियम मोडता येत नाही. देवानंदच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, हा आपला घरचा माणूस, याला सगळं समजतं. जाताना आमच्या झेरॉक्सवाल्याला शाल घालून गेले.

त्यानंतर आठ दिवस देवानंदने माझा जीव खाल्ला. सुप्रभात आणि शुभेच्छा त्याने पहिल्या तासात उडवल्या, नेहमीसारख्या. मग यादीतले नऊ शब्द टाकून ठिपके पाडले. चारशेच्या वर ठिपके पडले. आणि पुढची आज्ञा द्यायचं सोडून हा माणूस एकेक ठिपक्यापाशी थांबून ओळ वाचायला लागला. वाचायची, ठिपका काढायचा, पुढची वाचायची. ज्या कामाला चार मिनिटं लागत त्याला आठवडा. छापखान्यातून फोनवर फोन. मी विचारलं, हे काय नवीन थेर आहे.

“निंदताना एखांद्या बाईनं तनासंगं सांभार उपटला त मी तिले केवढा बोलतो, ताई,” तो म्हणाला. “मी त वावरच साफ केलं.”

मला वाटलं होतं, तो फार तर दीपमालाची ओळ ठेवेल आणि बाकीच्या उडवेल. त्याने एकही उडवली नाही. चष्मे राहिले, कर्जं राहिली, एका बापाने पोराच्या माहितीत ‘स्वभाव तापट, पण मनात काही नाही’ लिहिलं होतं तेही राहिलं. प्रूफ तयार झाल्यावर खुशालरावांनी आपलं मनोगत वाचलं, फोटो जरा उजळ करायला सांगितला आणि सही करून गेले. बाकीची पानं मी वाचत बसले. तीनशे सत्त्याऐंशी नंबरवर देवानंद होता.

शिक्षण: बीए दुसऱ्या वर्षी नापास. व्यवसाय: शेती तीन एकर, मेथी, पालक, सांभार. दुपारी डीटीपीच्या दुकानात. आणि त्याखाली: गेल्या वर्षीच्या पुस्तिकेतील क्रमांक दोनशे चौदा यांनी पहिल्या लग्नाची ओळ लिहून दिली होती. ती मी उडवली. त्यांनी काहीही लपवलं नव्हतं. अपेक्षा: काही नाही.

मी ते दोनदा वाचलं. हे छापून आलं की समितीचं काम माझ्याकडून गेलं, हे उघड होतं. आणि दुसऱ्याचं लग्न मोडणारा म्हणून याचेही सातव्या वर्षी बारा वाजणार, तेही उघड होतं. मी त्याला हाक मारली. तो आला, ओल्या पायाने.

“उडवाची असन त तुमी उडवा, ताई,” तो म्हणाला. “माह्या हातानं नाही उडत.”

खोटं कशाला बोलू, मी कर्सर त्या ओळीवर नेला. बोटही बटणावर ठेवलं. मला काही धैर्यबिर्य आलं नाही. मला राग आला, खुशालरावांचा, त्या अंगणात ओरडलेल्या बाईचा, आणि दुकानात बसून पोट धरून हसलेल्या आम्हा दोघांचा. त्या रागात मी फाइल बंद केली आणि छापायला पाठवली.

मेळाव्याला दरवर्षी माझं आणि देवानंदचं एक टेबल असायचं, उरलेल्या प्रती वाटायला. अकोल्यातलं मोठं कार्यालय, हजारभर माणूस, स्टेजवर मुलं-मुली नंबराने येऊन माइकवर आपली ओळख करून देतात. त्या वर्षी स्टेजकडे कोणी बघेना. सगळं कार्यालय माना खाली घालून पुस्तिका वाचत होतं. इतकं शांत कार्यालय खुशालरावांनी आयुष्यात पाहिलं नसावं. आधी त्यांना वाटलं, सगळे मनोगत वाचताहेत. ते खुशीत होते. मग पहिल्या रांगेतल्या एका बाईने आपल्या नवऱ्याला ‘शेती करणारा नको’ बोट लावून मोजून दाखवायला सुरुवात केली, एका कोपऱ्यात तापट स्वभावाच्या पोराने बापाची गचांडी धरली, आणि अध्यक्ष मनोगतापलीकडची पानं उलटत आमच्या टेबलाकडे यायला निघाले.

पण त्यांच्या आधी दीपमाला पोचली. तिच्या एका हातात जुनी पुस्तिका होती, दुसऱ्यात नवी. तिच्या मागे तिचे वडील होते आणि वडिलांच्या मागे बायकांचा घोळका, त्यातल्या चार-पाच जणी जुन्या पुस्तिकेत दोनशे चौदा काढून बघत होत्या. एक म्हणत होती, पोरीनं तर लिहून दिलं होतं की. दीपमालाचे वडील ते वाक्य ऐकून भिंतीला टेकून उभे राहिले. त्यांचे डोळे भरले होते आणि ते त्यांनी पुसले नाहीत.

दीपमाला देवानंदला म्हणाली, “तुमी त म्हने कम्प्युटरनं उडोली.”

“मीच उडोली.”

“मंग त्या दिवशी तोंडावर काहून नाही सांगतलं?”

“हिंमत नोयती,” देवानंद म्हणाला.

मग तिने माझ्या टेबलावरचं बॉलपेन उचललं, नव्या पुस्तिकेचं तीनशे सत्त्याऐंशीचं पान उघडलं आणि शेवटची ओळ, ‘अपेक्षा: काही नाही’, आडवी रेघ मारून खोडली. “एवढी एक खोटी राह्यली होती,” म्हणाली, आणि पुस्तिका त्याच्यापुढे ठेवून वडिलांना घेऊन गेली.

मग खुशालराव आले. ते काय काय बोलले ते मी लिहीत नाही, कारण त्यातल्या बहुतेक ओळी कोणत्याही यादीप्रमाणे उडवाव्या लागतील. देवानंदने सगळं ऐकून घेतलं, मान हलवत, ‘हो न, हो न’ करत. त्याचं लक्ष त्या रेघेकडे होतं. समितीचं काम अर्थातच माझ्याकडून गेलं. माझा चौथा सत्कार आता होत नाही.

यंदाची पुस्तिका अकोल्यात कुठेतरी छापली. मी मुद्दाम एक प्रत मागवली आणि दुकानात बसून पहिल्या पानापासून वाचली. शेती नाही, चष्मा नाही, सगळे कसे सुंदर आणि बिनकर्जाचे. दीपमालाचं नाव सापडलं नाही. मग देवानंदचं शोधलं, तर तेही नाही. मी तडकले. म्हटलं, यांनी आता अख्खी माणसंच उडवायला घेतली. देवानंद फरशीवर पाय पुसत होता, माझ्याच एका प्रूफाने. मी पुस्तिका त्याच्यापुढे आपटली आणि विचारलं, तुमची दोघांची नावं कोणी काढली.

“कोनी नाही, ताई,” तो म्हणाला. “आमी पाठोलीच नाही.”